वाचक विचारतात : ‘ईपीडब्ल्यू’चा पहिला खंड कोणता?

मुंबईतून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ (‘ईपीडब्ल्यू’) या अर्थशास्त्र-समाजशास्त्रांच्या साप्ताहिकाबद्दल विद्यार्थी, ग्रंथपाल आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांची बरीच पत्रे साठली होती. अनेक पत्रांचा रोख एकच असल्याने निवडक प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : लघुप्रबंधात मी लिहिले, ‘हे साप्ताहिक १९४९ पासून निघते.’ त्याच हिशेबाने १९७१ च्या एका लेखाला खंड २३ असा क्रमांक दिला. मार्गदर्शकांनी दोन्हींखाली लाल रेघ मारली. विभागातले दुसरे सर म्हणतात, १९४९ च बरोबर आहे. मी काय लिहू?
— एम.ए.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

१९४९ खोडू नका, खंड मात्र बदला. तुमच्या लेखाचा खंड सहावा आहे.

या साप्ताहिकाचा जन्म दोनदा झाला, आणि सगळा घोळ त्यातून होतो. १ जानेवारी १९४९ रोजी सचिन चौधुरी यांनी मुंबईत ‘इकॉनॉमिक वीकली’ सुरू केले. चौधुरी मूळचे पूर्व बंगालचे. विद्यापीठातल्या अभ्यासकाला, सरकारी अर्थतज्ज्ञाला आणि पत्रकाराला एकाच पानावर बोलते करायचे, अशी त्यांची कल्पना होती. त्यांचे कुलाब्यातले घर म्हणजे या मंडळींचा अड्डाच असे. तिथल्या गप्पांतून लेख ठरत आणि लेखकही मिळत.

साप्ताहिकाला पैसा पुरवणारे कुटुंब कापसाच्या व्यापारातले होते. संपादकाचे स्वातंत्र्य आणि मालकाचा अधिकार यांत अंतर पडत गेले आणि १९६५ संपता संपता ‘इकॉनॉमिक वीकली’ बंद पडले. चौधुरींनी पुन्हा मालक शोधला नाही. वाचक, लेखक आणि हितचिंतक यांच्याकडून मदत गोळा करून ‘समीक्षा ट्रस्ट’ हा सार्वजनिक न्यास उभा राहिला, आणि त्याच्यातर्फे २० ऑगस्ट १९६६ रोजी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चा पहिला अंक निघाला. नावात ‘पोलिटिकल’ आले आणि खंडांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

म्हणून हिशेब असा करा. जुन्या ‘इकॉनॉमिक वीकली’चा खंड क्रमांक अधिक १९४८ म्हणजे वर्ष : खंड १७ असेल तर १९६५. नव्या साप्ताहिकाचा खंड क्रमांक अधिक १९६५ म्हणजे वर्ष : खंड ६ असेल तर १९७१, खंड ५० असेल तर २०१५. संदर्भयादी तपासताना प्रत्येक नोंदीवर ही बेरीज करून बघा. बेरीज जुळली नाही, तर वर्ष किंवा खंड यांतले एक नक्की चुकले आहे.

मधले सुमारे आठ महिने रिकामे आहेत, हेही ध्यानात असू द्या. नेमक्या त्याच काळात, ६ जून १९६६ रोजी, रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. त्या आठवड्याचा अंक शोधत बसू नका. तो निघालाच नव्हता. स्वातंत्र्यानंतरच्या एका मोठ्या आर्थिक निर्णयाच्या वेळी हे व्यासपीठ मुके होते, याची हळहळ वाटते.

प्रबंधात वाक्य असे लिहा : ‘१९४९ साली “इकॉनॉमिक वीकली” या नावाने सुरू झालेले आणि १९६६ पासून सध्याच्या नावाने निघणारे साप्ताहिक.’ त्यावर कोणालाच बोट ठेवता येणार नाही.

प्रश्न : न्यासाची मालकी असल्याने खरेच काही फरक पडला का? की नुसते कागदोपत्री?
— निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली

पडला. नवे साप्ताहिक सुरू होऊन चार महिने झाले आणि २० डिसेंबर १९६६ रोजी चौधुरी वारले. साप्ताहिक एकखांबी तंबूसारखे असते, तर तिथेच कोसळले असते. आर. के. हजारी यांनी ते सांभाळले. १९६९ मध्ये हजारी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले आणि सूत्रे कृष्ण राज यांच्याकडे आली. १९६० च्या सुमारास, म्हणजे जुन्या साप्ताहिकाच्या काळातच ते या कामात आले होते. जानेवारी २००४ मध्ये मृत्यू होईपर्यंत, सुमारे ३५ वर्षे, ते संपादक राहिले. आज आपण ज्याला ‘ईपीडब्ल्यू’ म्हणतो, त्याची घडण मुख्यतः त्यांची. स्वतःच्या नावाने फारसे न लिहिता त्यांनी दुसऱ्यांकडून लिहून घेतले. अनोळखी तरुण अभ्यासकाचा लेख नामवंताच्या शेजारी छापण्याची सवय त्यांनी लावली, आणि भारतीय समाजशास्त्रांवर तिचे फार मोठे ऋण आहे.

त्यांच्यानंतर सी. राममनोहर रेड्डी (२००४ ते २०१६), परंजॉय गुहा ठाकुरता (२०१६ ते २०१७) आणि २०१८ मध्ये आलेले गोपाळ गुरू, असा पुढचा क्रम झाला. न्यास असला की भांडणे होत नाहीत, असे मात्र नाही. एका उद्योगसमूहाची कायदेशीर नोटीस आली, विश्वस्तांनी संकेतस्थळावरचा लेख काढायला सांगितले, आणि जुलै २०१७ मध्ये गुहा ठाकुरतांनी राजीनामा दिला. म्हणजे चौधुरींनी १९६५ मध्ये ज्या प्रश्नाला तोंड दिले, तो न्यासाच्या घरातही उभा राहिला. फरक इतकाच, की या वेळी अंक बंद पडला नाही.

प्रश्न : अंक हातात घेतला की पुढची पाने वर्तमानपत्रासारखी आणि मागची गणिताच्या पुस्तकासारखी वाटतात. हे साप्ताहिक आहे की संशोधनपत्रिका? वाचायला कुठून सुरुवात करावी?
— शिक्षक, परभणी

दोन्ही आहे, आणि हे मुद्दाम केलेले आहे. पुढे संपादकीये असतात. त्यानंतर चालू घडामोडींवरची टिपणे, मग पुस्तक परीक्षणे, आणि मागे संदर्भ-तळटीपांसह मोठे संशोधनलेख. तुमच्यासारख्यांनी टिपणांपासून सुरुवात करावी. ती दोन-तीन पानांची असतात, बहुतेकदा त्यांत एकच मुद्दा असतो, आणि तो विषय ठाऊक असणाऱ्या माणसाने लिहिलेला असतो. संशोधनलेख वाचताना गोषवारा, मग कोष्टके, मग शेवटचा भाग आणि त्यानंतर मधला मजकूर, असा क्रम ठेवला तर धाप लागत नाही.

जुन्या अंकांत स्तंभही फार वाचनीय आहेत. अशोक मित्र ‘ए. एम.’ या आद्याक्षरांनी कलकत्त्याची डायरी लिहीत. आणि मराठी वाचकांनी आवर्जून शोधावीत ती ‘जी. पी. डी.’ ही आद्याक्षरे. ते म्हणजे आपले नाटककार आणि चीनचे अभ्यासक गो. पु. देशपांडे.

अर्थशास्त्राचे त्रैमासिक असते, तर हा संसार जमला नसता. त्रैमासिकात एखाद्या लेखाला उत्तर छापून यायला वर्ष जाते. इथे काही आठवड्यांतही प्रतिवाद येऊ शकतो, आणि मोठे वाद वर्षानुवर्षे चालतात. भारतीय शेतीत भांडवलशाही आली की नाही, हा वाद घ्या. अशोक रुद्र आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पंजाबच्या मोठ्या शेतकऱ्यांची पाहणी २७ सप्टेंबर १९६९ च्या अंकात छापली. त्यावर उत्सा पटनाईक यांनी २५ सप्टेंबर १९७१ च्या अंकात हरकत घेतली, परेश चट्टोपाध्याय त्यात उतरले, आणि बघता बघता निम्मा देश बोलू लागला. अॅलिस थॉर्नर यांना १९८२ च्या डिसेंबरमध्ये या वादाचा नुसता आढावा घ्यायला तीन भाग लागले. हा वाद समजून घ्यायचा तर थॉर्नर यांचे तीन भाग आधी वाचा आणि मग मागे जा. उलट क्रमाने गेलात तर कोण कोणाला उत्तर देतो आहे हेच कळत नाही.

विषय अर्थशास्त्रापुरता कधीच नव्हता. १९५१ ते १९५४ या काळात एम. एन. श्रीनिवास आणि इतर समाजशास्त्रज्ञांनी एकेका खेड्यावर लिहिलेले लेख ‘इकॉनॉमिक वीकली’तच आले, आणि १९५५ मध्ये त्यांचे पुस्तक झाले.

प्रश्न : दांडेकर-रथ यांची दारिद्र्यरेषा एका पुस्तकात ग्रामीण १४ रुपये २० पैसे, दुसऱ्यात १५ रुपये, तिसऱ्यात १८० रुपये आहे. परीक्षेत कोणता आकडा लिहायचा?
— स्पर्धा परीक्षार्थी, लातूर

तिन्ही आकडे एकाच अभ्यासातले आहेत. मूळ लेख न उघडता एकमेकांवरून उतरवून घेतल्याने ते तीन वेगळे सिद्धांत असल्यासारखे दिसू लागले.

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास २ जानेवारी आणि ९ जानेवारी १९७१ च्या लागोपाठच्या अंकांत दोन भागांत आला : खंड ६, अंक १, पृष्ठे २५ ते ४८, आणि अंक २, पृष्ठे १०६ ते १४६. पुण्याच्या भारतीय अर्थविज्ञानवर्धिनीसाठी केलेले हे काम होते. पहिल्या भागात दारिद्र्याचे मोजमाप आहे, दुसऱ्यात उपाय.

त्याआधी, नियोजन आयोगाने नेमलेल्या १९६२ च्या कार्यगटाने दरमहा दरडोई २० रुपये ही किमान गरज ठरवली होती. दांडेकर-रथ यांनी रेषा आहारावरून काढली. त्यांची पद्धत पायरीपायरीने बघा.

त्यांनी दररोज दरडोई २,२५० कॅलरी हा आधार धरला. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबे दरडोई खर्चाप्रमाणे गटांत विभागलेली असतात : अगदी कमी खर्चाचा गट, त्याच्या वरचा, त्याच्याही वरचा. १९६०-६१ च्या पाहणीत कोणत्या गटाच्या आहारातून २,२५० कॅलरी मिळतात, हे त्यांनी शोधले आणि त्या गटाचा एकूण खर्च घेतला. नुसता अन्नावरचा नव्हे, एकूण. त्यात कपडे, जळण, दिवाबत्ती सगळे आले. हा खर्च ग्रामीण भागात महिना सुमारे १४ रुपये २० पैसे निघाला आणि शहरी भागात सुमारे २२ रुपये ६० पैसे. पुढच्या मांडणीसाठी तो त्यांनी ग्रामीण १५ रुपये आणि शहरी २२ रुपये ५० पैसे असा पूर्णांकित केला. बाराने गुणा : वर्षाला १८० रुपये आणि २७० रुपये. झाला तिन्ही आकड्यांचा उलगडा.

या रेषेखाली १९६०-६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येचे सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येचे सुमारे ५० टक्के लोक होते, असा त्यांचा निष्कर्ष. उत्तरपत्रिकेत कोणतीही जोडी लिहा, पण ‘१९६०-६१ च्या किमतींनुसार’ हे शब्द आणि ‘दरमहा’ की ‘दरसाल’ हे सोडू नका. एक आकडा महिन्याचा आणि दुसरा वर्षाचा लिहिणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. आणखी एक चूक म्हणजे २,२५० च्या जागी ग्रामीण २,४०० व शहरी २,१०० कॅलरी लिहिणे. ते निकष नियोजन आयोगाच्या १९७९ च्या कृतिदलाचे आहेत, दांडेकर-रथ यांचे नाहीत.

इथेच थांबू नका, कारण पुढचा वाद याहून रंगतदार आहे, आणि त्याचे दोन्ही पक्ष पुण्यातले होते. पां. वा. सुखात्मे यांनी ऑगस्ट १९७८ च्या विशेषांकात मुळावरच घाव घातला. त्यांचे म्हणणे असे : माणसाची ऊर्जेची गरज ठरीव नसते. ती माणसागणिक बदलतेच, शिवाय त्याच माणसाच्या बाबतीतही दिवसागणिक बदलते. सरासरी गरजेलाच सीमारेषा केले, तर धडधाकट माणसांतले जवळजवळ निम्मे लोक कुपोषितांत मोजले जातील. म्हणून रेषा सरासरीच्या खाली, दोन प्रमाण विचलने (सरासरीभोवतीच्या चढउताराचे संख्याशास्त्रीय माप) सोडून ओढायला हवी. दांडेकरांनी २५ जुलै १९८१ च्या अंकात उत्तर दिले. कुपोषण आणि दारिद्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकमेकींत मिसळू नका, हा त्यांचा मुद्दा. संख्याशास्त्राचे दोन दिग्गज, एकच आकडेवारी, आणि निष्कर्ष मात्र कोट्यवधी माणसांच्या फरकाचा! पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे दोन लेख शेजारी ठेवून वाचावेत, असे आम्हांला मनापासून वाटते.

रोजगार हमी योजनेवर लिहिणाऱ्यांसाठीही एक खूण : कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांचा त्या योजनेवरचा लेख १२ एप्रिल १९८० च्या अंकात आहे. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला होता, म्हणजे योजना कायद्याच्या रूपात अगदी कोवळी असतानाचा हा लेख.

प्रश्न : आमच्याकडे १९६९ पासूनचे बांधीव खंड आहेत. मोजणी करताना बरीच पाने गहाळ दिसतात आणि काही ठिकाणी अंकच नाहीत. बाइंडरची चूक समजून रद्दीत काढावेत का?
— महाविद्यालयीन ग्रंथपाल, जळगाव

कृपा करून काढू नका! ‘गहाळ’ वाटणारे बरेचसे काही गहाळ नसतेच. आधी पुढील गोष्टी तपासा.

जुन्या खंडांत पृष्ठक्रमांक वर्षभर सलग चालतात. जानेवारीत १ पासून सुरू होतात आणि डिसेंबरपर्यंत दोन हजारांच्या पलीकडे जातात. त्यामुळे एखाद्या अंकाचे पहिलेच पान १,१०० च्या पुढचे असले तर त्यात बिघडलेले काही नाही. अलीकडच्या वर्षांत मात्र प्रत्येक अंक १ पासून सुरू होतो, म्हणून नव्या लेखाच्या संदर्भात अंक क्रमांक नसेल तर तो लेख सापडणार नाही.

पुरवण्यांची पाने मुख्य अंकापेक्षा वेगळी मोजतात. शेतीवरचा त्रैमासिक आढावा मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये येई, आणि त्याच्या क्रमांकाआधी ‘ए’ हे रोमन अक्षर असे. पटनाईक यांचा वर सांगितलेला लेख ‘ए १२३’ पासून सुरू होतो. व्यवस्थापनाच्या पुरवणीला ‘एम’, स्त्री-अभ्यासाच्या पुरवणीला ‘डब्ल्यूएस’. बाइंडरने या पुरवण्या अंकाच्या मधूनच बांधल्या असतील, तर मुख्य क्रमांक तुटल्यासारखा दिसतो. पुरवणी संपली की तो पुन्हा जुळतो.

अंक नाहीत असे वाटते, ते बहुधा जोडअंकांमुळे. वार्षिक अंक (बहुधा फेब्रुवारीतला) आणि विशेषांक (बहुधा ऑगस्टमधला) बरेचदा तीन-तीन क्रमांक मिळून एक निघत. सुखात्म्यांचा लेख असलेला १९७८ चा विशेषांक म्हणजे खंड १३, अंक ३१-३२-३३. नोंदवहीत तो एकच अंक म्हणून चढवलात, की ‘दोन अंक गहाळ’ असा शेरा आपोआप पडतो. तिन्ही क्रमांक लिहा.

एवढे करूनही खरोखर फाटलेले पान निघाले, तर त्या लेखाची प्रत जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावरून घ्या. १९६६ पासूनचे अंक तिथे आहेत. १९४९ ते १९६५ च्या ‘इकॉनॉमिक वीकली’साठी साप्ताहिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा जुन्या अंकांचा विभाग बघा. तिथे लेखकाच्या नावाने शोधताना आद्याक्षरे आणि पूर्ण नाव, दोन्ही टाकून पाहा. जुन्या स्कॅनमध्ये अक्षरे नीट वाचली गेलेली नसतात, म्हणून शीर्षकातला एखादाच ठळक शब्द पुष्कळदा जास्त कामाला येतो. आणि कागदी खंड तरीही ठेवा. लेखाशेजारी कोणती जाहिरात होती, त्या आठवड्याचे संपादकीय कशावर होते, वाचकांच्या पत्रांत कोण चिडले होते, हे सुट्या लेखाच्या फाइलीत मिळत नाही. दांडेकर-रथ ज्या आठवड्यात छापून आले, त्या आठवड्यात देश मध्यावधी निवडणुकीच्या तयारीत होता. अंक चाळला की हे डोळ्यांसमोर येते.

प्रश्न : ‘ईपीडब्ल्यू’ सरकारी अनुदानित प्रकाशन आहे का?
— वाचक, पणजी

सरकारी नाही. मालकी समीक्षा ट्रस्टची. आकडेवारीचे काम करणारी संशोधन संस्था १९९३ मध्ये याच परिवारात सुरू झाली, तीही सरकारी नव्हे.

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या ऊसतोड कुटुंबांची मी पाहणी केली आहे. लेख पाठवायचा आहे. मराठी माध्यमातल्या माणसाचा लेख घेतात का, आणि काय काळजी घ्यावी?
— प्राध्यापक, बीड जिल्हा

लेख इंग्रजीतच लागतो, पण भाषा झुळझुळीत नाही म्हणून चांगली पाहणी वाया जात नाही. वाया जाते ती इतर कारणांनी.

आधी प्रकार ठरवा. संशोधनलेखाची कमाल मर्यादा ८,००० शब्द, आणि त्यात टिपा, संदर्भ व कोष्टकेही मोजतात. टिपणाची मर्यादा २,५०० शब्द. तुमच्याकडे एका तालुक्याची पाहणी आणि एकच ठाम निष्कर्ष असेल, तर टिपणच लिहा. ८,००० शब्दांपर्यंत ताणलेल्या टिपणापेक्षा ते सरस ठरते. संशोधनलेखासोबत २०० शब्दांच्या आत बसणारा गोषवारा द्या. संशोधनलेख अनामिक तज्ज्ञांकडे जातो, म्हणून मजकुरात ‘माझ्या आधीच्या लेखात’ अशी वाक्ये ठेवू नका. आलेख वर्ड किंवा एक्सेलमध्ये जसे बनवले तसेच द्या, त्यांची चित्रे करून चिकटवू नका. तोच लेख एकाच वेळी दुसरीकडे पाठवू नका. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा पाठवण्याच्या दिवशी संकेतस्थळावरचे पान पुन्हा वाचा.

आता मजकुराबद्दल. प्रबंधातले प्रकरण कापून पाठवणे हा सगळ्यात मोठा दोष. त्यात पहिली पाच पाने ऊस उद्योगाच्या इतिहासावर जातात आणि पाहणी शेवटी उरकली जाते. पाहणी पुढे आणा. किती कुटुंबे, कोणत्या गावांतली, ती कशी निवडली, कोणत्या महिन्यांत विचारले, हे पहिल्या दोन पानांत यायला हवे. ऊसतोडीत महिना फार महत्त्वाचा. ऑक्टोबरात उचल घेऊन निघताना आणि एप्रिलमध्ये परतल्यावर त्याच कुटुंबाला विचारले, तर कर्जाचे उत्तर वेगळे मिळते. तुम्ही कोणते घेतले, ते सांगा. कोयता हे जोडीच्या मजुरीचे एकक आहे, हे मुंबई-दिल्लीच्या तज्ज्ञाला ठाऊक असेलच असे नाही. तो शब्द तसाच ठेवा, पण एका वाक्यात समजावून सांगा. नाहीतर मजुरीचे आकडे माणशी आहेत असे समजून तो तुमचा हिशेबच चुकीचा ठरवेल.

आणि पाठवण्यापूर्वी विषयावरचे गेल्या दहा वर्षांतले टिपण-लेख याच साप्ताहिकात शोधा. तुमचा निष्कर्ष त्यांच्याहून कुठे वेगळा पडतो, ते गोषवाऱ्याच्या दुसऱ्या वाक्यात लिहा.